घर कोठे घ्यावे? वर्ध्याच्या वेशीवरील बौद्ध कुटुंबांपुढील प्रश्न

लहान शहरात घर शोधणारे कोणतेही कुटुंब साधारणपणे चार गोष्टी पाहते : किंमत, पाणी, मुलांची शाळा आणि कामाच्या ठिकाणाचे अंतर. बौद्ध तसेच अन्य अनुसूचित जातींच्या कुटुंबाला यात पाचव्या गोष्टीची भर घालावी लागते. तेथील शेजार आपल्याला स्वीकारील काय, हा तो प्रश्न होय. जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो आणि दलालाच्या वहीतही तो लिहिलेला नसतो. तरीही घराचा निर्णय पुष्कळदा त्याच्यापाशीच अडतो. वर्धा शहराला लागून वाढलेले सिंदी (मेघे) आणि त्याच्यासारखी उपनगरी गावे हा प्रश्न समजून घेण्यासाठी योग्य ठिकाण ठरतात.

कागदावर गाव, व्यवहारात शहर

सिंदी (मेघे) हे वर्धा तालुक्यातील गाव वर्धा शहराच्या सलग वस्तीचाच भाग वाटते. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) या नगरपरिषदेच्या गावाशी त्याची गल्लत करू नये. वर्ध्याभोवतीच्या सावंगी, बोरगाव, पिपरी या गावांच्या नावांपुढेही ‘मेघे’ असा उल्लेख येतो आणि त्यामुळे ती अन्यत्रच्या त्याच नावांच्या गावांपासून वेगळी ओळखली जातात.

जनगणनेच्या परिभाषेत सिंदी (मेघे) हे ‘गणना शहर’ आहे. लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, अशा तीन अटी पूर्ण करणाऱ्या गावाला ही संज्ञा लावली जाते. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहतो. म्हणजे राहणीमान शहराचे आणि नाली, दिवाबत्ती, कचरा यांची जबाबदारी गावाच्या यंत्रणेकडे, अशी ही स्थिती आहे.

अशा गावांचे महत्त्व जनगणनेच्या आकड्यांतून लक्षात येते. वर्धा नगरपरिषद हद्दीची लोकसंख्या २००१ साली १ लाख ११ हजारांच्या घरात होती. २०११ साली ती १ लाख ६ हजार ४४४ इतकी नोंदली गेली. शहराची हद्द अशी थबकलेली असताना नवी घरे हद्दीबाहेरच्या शेतांवर पडलेल्या ले-आऊटमध्ये उभी राहत होती. सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये आणि तेथील रुग्णालये, १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, जिल्ह्याची सरकारी कार्यालये आणि नागपूरकडे जाणारी रेल्वे यांमुळे शिक्षक, परिचारिका, कारकून, विद्यार्थी आणि निवृत्त कर्मचारी यांची घरांची मागणी या पट्ट्यात कायम असते.

याच जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे तेरा लाख लोक राहत होते आणि दर सात रहिवाशांमागे साधारण एक जण अनुसूचित जातीचा होता. विदर्भात या समाजाचा मोठा हिस्सा बौद्ध आहे. खेड्यातून शिकून बाहेर पडलेली, सरकारी वा खासगी नोकरीत स्थिरावलेली त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज घराच्या शोधात आहे.

सेगावची वाट आणि नागपूरची वाट

कोठे राहावे या प्रश्नाला या परिसरात मोठा इतिहास आहे. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले. या गावात दलितांची वस्ती मोठी होती. पुढे त्याचे नाव सेवाग्राम झाले. १९३६-३७च्या हिवाळ्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दोन नेते, शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन मेज आणि वाय.एम.सी.ए.चे चॅनिंग टोबायस, गांधीजींना भेटण्यासाठी याच परिसरात आले होते. मेज पुढे अटलांटातील मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) त्यांचे विद्यार्थी होते. दोन देशांतील विषमतेच्या प्रश्नांची तुलना वर्ध्याला नवी नाही, ती अशी.

गांधीजींनी खेड्यात जाऊन राहण्याचा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मत याच्या नेमके उलट होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे ठिकाण असल्याचे सांगितले. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना या टीकेचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. नागपूर, हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्यांनी अनेकांना गावाबाहेरचा रस्ता दाखविला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेने त्या स्थलांतराला नवी ओळख दिली. उत्तर नागपुरातील इंदोरासारख्या वस्त्या या चळवळीची केंद्रे बनल्या.

सिंदी (मेघे)सारखे उपनगर या दोन वाटांच्या मध्ये उभे आहे. येथे जुने गावठाण आहे, जुनी वस्ती आहे आणि नवे ले-आऊटही आहेत. गावाच्या जुन्या सीमारेषा नव्या घरांपर्यंत येतात की नाही, हे येथे घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला स्वतःच पडताळून पाहावे लागते.

बडोद्याची धर्मशाळा ते राजगृह

या पडताळणीचे सर्वात परिचित उदाहरण खुद्द डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यात सापडते. परदेशी उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांनी काही दिवस काढले. ओळख उघड झाल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला, पण दोघांनीही घरच्या अडचणी पुढे केल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून त्यांना दिवस काढावा लागला. पदवी, पगार आणि पद यांपैकी काहीही घर मिळवून देण्यास पुरेसे नव्हते.

मुंबईत ते पुष्कळ वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. चाळीत कामगारांची आणि स्वकीयांची सोबत होती. १९३०च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. तो परिसर पांढरपेशा मध्यमवर्गीयांचा होता. ग्रंथसंग्रहाला जागा हवी, हे त्यामागील एक कारण होते. परंतु आपल्या पसंतीच्या ठिकाणी घर बांधण्याचा हक्क बजावणे हेही त्या घराचे महत्त्व आहे. स्वकीयांची वस्ती की मिश्र वसाहत, ही निवड आजही तितकीच खरी आहे.

भाड्याचे घर : आडनावाचा अडसर

वर्धा परिसरात नव्याने आलेले कुटुंब किंवा विद्यार्थी बहुधा भाड्याने खोली घेतो. लहान शहरात घरमालक त्याच इमारतीत किंवा शेजारी राहतो. त्यामुळे भाडेकरूची चौकशी मोठ्या शहरापेक्षा अधिक बारीक होते. आधी पूर्ण नाव विचारले जाते, मग मूळ गाव, मग आहार. आडनावावरून जात निश्चित कळतेच असे नाही. मेश्राम हे आडनाव बौद्धांत आढळते, तसे गोंड समाजातही आढळते. म्हणून पुढचे प्रश्न येतात. उत्तर पसंत पडले नाही तर नकार स्पष्ट शब्दांत क्वचितच मिळतो. ‘कालच खोली दिली’, ‘नातेवाईक येणार आहेत’, ‘फक्त शाकाहारींना देतो’ ही त्याची रूढ रूपे आहेत.

हा अनुभव केवळ व्यक्तिगत समजुतीचा नाही. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात केलेला अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. घर हवे असल्याचे सांगून दूरध्वनीवरून आणि प्रत्यक्ष भेटून चौकशी करण्याची पद्धत त्यात वापरली होती. उच्चवर्णीय नावाने चौकशी करणाऱ्यांना जवळजवळ सर्वत्र होकार मिळाला. दलित नावांना मोठ्या प्रमाणात नकार मिळाला आणि मुस्लिम नावांना त्याहून अधिक. त्याआधी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिना विठायाथिल व गायत्री सिंग यांच्या अभ्यासात देशातील सात मोठ्या शहरांची प्रभागनिहाय पाहणी होती. लोक कोठे राहतात हे आर्थिक स्थितीपेक्षा जातीवरून अधिक ठरते, असा तिचा निष्कर्ष होता. शहर जातिभेद आपोआप पुसून टाकते, या समजाला या दोन्ही अभ्यासांनी छेद दिला.

प्लॉट विकत घेताना

भाड्यातील या अडचणींमुळे अनेक नोकरदार कुटुंबे लवकरात लवकर स्वतःचा प्लॉट घेण्याकडे वळतात. विक्रीच्या व्यवहारात जातीचा अडसर तुलनेने कमी जाणवतो, कारण ले-आऊट पाडणाऱ्याला प्लॉट विकावयाचा असतो आणि तो स्वतः तेथे राहणार नसतो. मात्र येथे वेगळा धोका संभवतो. ज्याला चांगल्या ठिकाणी भाड्याने घर मिळत नाही, तो घाईने स्वस्त पण सदोष कागदपत्रांचा प्लॉट घेण्याची शक्यता अधिक असते.

शहरालगतच्या ग्रामपंचायत क्षेत्रात शेतजमिनीचे तुकडे पाडून केलेली विक्री ही जुनी समस्या आहे. शेतजमिनीच्या तुकड्यांवर निर्बंध घालणारा कायदा राज्यात १९४७ पासून आहे. नियमबाह्य गुंठेवारी भूखंड नियमित करण्यासाठी २००१ साली वेगळा कायदा करावा लागला. अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा नसलेल्या प्लॉटवर राष्ट्रीयीकृत बँकेचे गृहकर्ज मिळणे अवघड होते. मग कर्ज सावकाराकडून किंवा पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने घ्यावे लागते. रस्ता, नाली आणि नळजोडणी यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. बचत एका पिढीची असते, त्यामुळे चूक परवडत नाही.

वस्ती की ले-आऊट

खरा पेच या पुढचा आहे. जुन्या वस्तीत घर घेतले तर सोबत मिळते. जवळ बुद्धविहार असतो, १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकत्र साजरा होतो, आजारपणात आणि संकटात माणसे धावून येतात. एखादा वाद झाला तर कुटुंब एकटे पडत नाही. शासकीय निधीचाही मुद्दा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना ग्रामीण भागात जिल्हा परिषदेमार्फत राबविली जाते आणि तिच्यातून रस्ते, नाल्या, समाजमंदिरे यांची कामे होतात. हा निधी वस्तीला मिळतो. मिश्र ले-आऊटमध्ये विखुरलेल्या चार-दोन कुटुंबांना त्याचा लाभ होत नाही.

वस्तीची दुसरी बाजूही आहे. घरे दाटीची असतात, जागेचे मालकीपत्र अनेकदा स्पष्ट नसते आणि घराची किंमत ले-आऊटमधील घराइतकी वाढत नाही. वस्तीच्या नावावरूनच रहिवाशाची जात ओळखली जाते. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविण्यात आली. नाव बदलल्याने पत्त्यावरील शिक्का पुसट होतो, मात्र वस्तीची जागा आणि तेथील सुविधा बदलण्यास त्याहून अधिक काही करावे लागते.

ले-आऊटमध्ये रस्ते रुंद असतात, मुलांना वेगवेगळ्या समाजांतील सोबती मिळतात आणि घराची किंमत टिकते. उलटपक्षी, हळदीकुंकवाचे आमंत्रण सर्व घरांना जाते आणि एका घराला जात नाही, अशा लहानसहान प्रसंगांतून दुरावा जाणवतो. ले-आऊटमधील मोकळ्या जागेवर कोणाचे प्रार्थनास्थळ उभे राहावे, यावरून मतभेद होतात. गृहिणी आणि मुले यांचा दिवस शेजाऱ्यांतच जातो. त्यामुळे या दुराव्याचा भार कार्यालयात जाणाऱ्या पुरुषापेक्षा त्यांच्यावर अधिक पडतो. घराचा निर्णय घेताना घरातील स्त्रियांचे मत आधी विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या दोहोंच्या मधला मार्गही विदर्भात रूढ झाला आहे. एकाच कार्यालयातील किंवा एकाच गावाकडील काही कुटुंबे मिळून एका ले-आऊटमध्ये जवळजवळचे प्लॉट घेतात. एकटेपणा टळतो आणि मिश्र वसाहतीचे फायदेही मिळतात.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव

हीच निवड अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबे शतकभर करीत आली आहेत. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतील राज्ये सोडून उत्तर व पश्चिमेकडील शहरांत गेले. तेथे त्यांना ठराविक मोहल्ल्यांतच घरे मिळाली. १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेने तयार केलेल्या नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोक्याच्या’ म्हणून दाखविल्या गेल्या आणि तेथे गृहकर्ज मिळणे दुरापास्त झाले. गोऱ्यांखेरीज इतरांना घर विकू नये, अशा अटी खरेदीखतातच घातल्या जात. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल १९६८ मध्ये घरांच्या विक्रीत व भाड्यात भेदभावास बंदी करणारा कायदा झाला.

त्यानंतर कृष्णवर्णीय मध्यमवर्ग उपनगरांकडे वळला. १९७०नंतर अनेक जण अटलांटासारख्या दक्षिणेतील शहरांत परतू लागले. राजधानी वॉशिंग्टनलगतचा प्रिन्स जॉर्जेस परगणा हा कृष्णवर्णीय बहुसंख्येचा आणि संपन्न भाग म्हणून ओळखला जातो. स्वकीयांची सोबत आणि उत्तम सुविधा एकत्र मिळू शकतात, याचे ते उदाहरण आहे. दुसऱ्या टोकाला मिसुरी राज्यातील फर्ग्युसन आहे. या उपनगरात कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले, पण पोलीस दल आणि नगर कारभार बहुतांशी गोऱ्यांच्याच हाती राहिला. २०१४ साली पोलिसाच्या गोळीबारात मायकेल ब्राउन या तरुणाचा मृत्यू झाल्यावर तेथील असंतोष जगापुढे आला.

वर्ण आणि जात या दोन गोष्टी सारख्या नाहीत. परंतु फर्ग्युसनचा धडा सिंदी (मेघे)लाही लागू पडतो. घर मिळाले म्हणजे गावाच्या कारभारात वाटा मिळतोच असे नाही. ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात. त्यासाठी नव्या रहिवाशाचे नाव तेथील मतदार यादीत असावे लागते. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे मूळ गावाच्याच यादीत नाव ठेवतात आणि राहत्या गावाच्या कारभारात त्यांना मत राहत नाही.

कायदा काय सांगतो

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. अनुच्छेद १९ नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क देतो. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमातील कलम ४ नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही भागात राहते घर बांधण्यास, मिळविण्यास किंवा तेथे राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी एक ते सहा महिन्यांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. कलम १२ फारसे परिचित नाही, पण महत्त्वाचे आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत १९९० साली स्थान मिळाले. त्यामुळे या तरतुदी त्यांनाही लागू आहेत.

१९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा घर किंवा गाव सोडण्यास भाग पाडणे हा गुन्हा मानतो. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्काराचाही त्यात समावेश झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ साली अमलात आला.

कायद्याच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. खासगी घरभाड्यातील सर्व प्रकारच्या भेदभावाला बंदी करणारा अमेरिकेसारखा सर्वंकष कायदा भारतात नाही. आहाराचे कारण पुढे करून दिलेला नकार न्यायालयात सिद्ध करणे कठीण जाते. पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी वैध ठरविली, हेही विसरता येत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी

घर घेणाऱ्याने सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा स्वतः तलाठी व संबंधित कार्यालयातून पडताळावा. दलालाने दिलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार बंधनकारक आहे. तो करून घेतल्यास अचानक घर खाली करण्याचा दबाव टाळता येतो. ठिकाण एकदा दिवसा आणि एकदा सायंकाळी पाहावे. सायंकाळी ओट्यावर कोण कोणाशी बोलते, मुले कोणाच्या अंगणात खेळतात, यावरून शेजार कळतो. तेथे आधीपासून राहणारे एखादे बौद्ध कुटुंब असल्यास त्याच्याशी बोलणे हे सर्वात उपयोगी. घरकुलासाठी रमाई आवास योजनेचा लाभ घ्यावयाचा असेल, तर जागा ग्रामपंचायतीत येते की नगरपरिषदेत, हे आधी पाहावे, कारण अर्जाचा मार्ग त्यावर ठरतो. राहावयास गेल्यावर मतदार यादीतील नाव त्वरित बदलून घ्यावे.

२०२१ची जनगणना लांबल्यामुळे वर्ध्याभोवतीची वस्ती आज नेमकी कशी पसरली आहे, याचा अधिकृत हिशेब अद्याप २०११च्याच आकड्यांवर चालतो. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली असून तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. शहरांच्या वेशीवर कोण कोठे राहते, याचे चित्र त्यातून प्रथमच स्पष्ट होऊ शकेल. गावकुसाबाहेरून निघालेले कुटुंब तीन पिढ्यांत ले-आऊटमधील घरापर्यंत पोहोचले, हे त्या चित्रात दिसेल. दारावरील आडनावाची पाटी वाचून शेजारी थबकतो की आत येऊन चहा घेतो, याची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात होणार नाही.